भागाकाराची ओळ

१९९५च्या पावसाळ्यात माझा प्रोग्रॅम रात्री कधीतरी मध्येच बंद पडायचा. संध्याकाळी सातला चालू करून खोलीवर जायचो आणि सकाळी येऊन पाहावं तर पडद्यावर एकच तक्रार: शून्याने भागाकार. रात्र फुकट. विभागातल्या सगळ्या संशोधक विद्यार्थ्यांत मिळून दोन चारशेशहाऐंशी मशीन होती, रात्रीच्या पाळ्या लावलेल्या होत्या आणि माझ्या वाट्याला आठवड्यातल्या तीन रात्री येत. चौथ्यांदा असं झालं तेव्हा मी वैतागून भागाकाराची ती ओळ लूपच्या आतून उचलली आणि लूपच्या बाहेर, अगदी शेवटी नेऊन ठेवली. प्रोग्रॅम पुन्हा कधी बंद पडला नाही. माझे पुढचे आठ महिने त्या ओळीने खाल्ले. तिच्याच जोरावर मी एका मुलीला चारचौघांत गप्प बसवलं.

काम काय होतं ते आधी सांगतो. पॉलिमर म्हणजे लहान रेणू एकाला एक जोडून झालेली लांबच लांब साखळी. रबर, प्लास्टिकची पिशवी, आपल्या पेशीतला डीएनए, सगळ्या साखळ्याच. अशी साखळी द्रवात सोडली की ती ताठ राहत नाही, विंचरून काढलेल्या केसांच्या गुंतवळासारखी गोळा होते. हा गुंतवळ केवढा असतो, हा जुना प्रश्न. त्यासाठी चौकटीची वही पुरते. एका छेदबिंदूवर पेन्सिल टेकवायची आणि वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे एकेक पाऊल टाकत जायचं. अट एकच: जिथे एकदा पाय पडला तिथे पुन्हा पाऊल टाकायचं नाही, कारण साखळीचे दोन मणी एका जागी मावत नाहीत. याला सेल्फ-अव्हॉइडिंग वॉक म्हणतात. आम्ही नुसतं 'सॉ' म्हणायचो. दोन पावलांच्या अशा वाटा १२ निघतात, चारच्या १००, दहाच्या ४४,१०० आणि वीसच्या ८९,७६,९७,१६४. या सगळ्या वाटांचं टोक सुरुवातीपासून सरासरी किती दूर जातं ते मोजायचं. पॉल फ्लोरी यांनी १९४९मध्ये मांडलेला साधा युक्तिवाद सपाट कागदाला लावला की हे अंतर पावलांच्या संख्येच्या पाऊण घाताने वाढतं असं निघतं. १९८२मध्ये बर्नार्ड निनहाउस यांनी वेगळ्याच वाटेने जाऊन तोच पाऊण काढून दाखवला.

आता त्याच वहीतले काही बिंदू खोडायचे, कुठलेही, नेम न धरता. समजा शंभरातले सत्तर ठेवले आणि तीस खोडले. खोडलेल्या बिंदूवर पाय ठेवायचा नाही. सच्छिद्र खडकात, जेलमध्ये किंवा पेशीच्या गर्दीत अडकलेल्या साखळीची ही सगळ्यात साधी नक्कल. मोकळे बिंदू शंभरात ५९.२७च्या खाली गेले की वहीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणारी सलग वाटच उरत नाही, नुसती बेटं राहतात. हा पर्कोलेशनचा उंबरठा. प्रश्न असा की खोडाखोडीमुळे फ्लोरींचा पाऊण बदलतो का?

यावर भांडण होतं, आणि ते भांडणच मला त्या विषयाकडे घेऊन गेलं. १९८१मध्ये बिकास चक्रवर्ती आणि यानोश कर्टेस यांनी घातांक बदलायला हवा अशी बाजू मांडली. त्याच वर्षी कर्ट क्रेमर यांनी संगणकावर साखळ्या चालवल्या आणि त्यांना बदल दिसला तो उंबरठ्याजवळच. १९८३मध्ये ब्रूक्स हॅरिस यांनी उंबरठ्याच्या वर, थोड्या खोडाखोडीने, काही बदलणार नाही असं मांडलं. बराट आणि चक्रवर्ती यांचा लांबलचक आढावा १९९५मध्ये आमच्या लायब्ररीत आला तेव्हा मी तो काउंटरवर उभ्याउभ्याच वाचायला घेतला. हे भांडण मी मिटवणार, असं मला मनापासून वाटत होतं.

माझा प्रोग्रॅम लॉटरी काढल्यासारखी एक जाळी तयार करायचा, मधल्या बिंदूपासून निघणाऱ्या वीस पावलांच्या सगळ्या वाटा एकेक करून मोजायचा, टोकाच्या अंतराच्या वर्गांची बेरीज करायचा आणि वाटांच्या संख्येने भागायचा. मग दुसरी जाळी, तिसरी, हजारावी. शेवटी हजार उत्तरांची सरासरी. पण कधीकधी मधला बिंदू एखाद्या चिमुकल्या बेटावर पडायचा, आजूबाजूला सगळं खोडलेलं. तिथून वीस पावलांची एकही वाट निघत नाही. वाटा शून्य, म्हणून शून्याने भागाकार, म्हणून प्रोग्रॅम बंद.

तिथे थांबून विचार करायला हवा होता की वीस पावलांच्या साखळीला जिथे जागाच नाही अशा जाळीचं सरासरीत करायचं काय. हा भौतिकशास्त्राचा प्रश्न होता. मी तो प्रोग्रॅमिंगची कटकट समजून सोडवला. सगळ्या जाळ्यांवरच्या सगळ्या वर्गांची एकच बेरीज, सगळ्या वाटांची एकच मोजणी आणि भागाकार एकदाच, शेवटी. हजार जाळ्यांत एकीवर तरी वाटा असणारच, त्यामुळे शून्याची भीती गेली. बदल केला त्या दिवशी वहीत मी एवढंच लिहिलं: बग काढला.

मग उत्तरं येऊ लागली, आणि ती फारच देखणी होती. दहा टक्के खोडा, वीस टक्के खोडा, पाऊण तो पाऊणच. थेट उंबरठ्यावर जाऊन पाहिलं तरी पाऊण. जाळी जसजशी विरळ होत गेली तसतशा आलेखात मधूनच उचक्या यायला लागल्या, एवढीच कुरबुर. एखाद्या जाळीवर वाटांची संख्या बाकीच्यांच्या शेकडो पट निघायची आणि ती एकटी जाळी सगळी सरासरी आपल्याकडे ओढून न्यायची. रँडम नंबर देणारं रूटीन बिघडलं असेल असं मी धरलं. तपासलं नाही, धरलं. डॉट मॅट्रिक्सच्या छापील कागदावर अशा तीन जाळ्यांवर लाल रेघ मारली आणि त्यांना हिशेबातून वगळलं. आलेख गुळगुळीत झाला. तीनच का? चौथी वगळल्यावर आलेख पुन्हा बिघडत होता म्हणून. हे लिहिताना मला आजही लाज वाटते. भागाकाराची चूक अज्ञानातून झाली होती. ही तशी नव्हती. मला काय दिसायला हवं ते मी आधी ठरवलं होतं.

फेब्रुवारीत एका परिषदेसाठी गोषवारा पाठवला आणि मार्चमध्ये विभागात सेमिनार दिला. आकड्यांचा तक्ता पडद्यावर होता. मागच्या बाकावरून पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने हात वर केला. ती म्हणाली, "घातांक सारखाच येतो हे समजलं. पण तुमच्या तक्त्यात दहा पावलांचा आकडा सगळीकडे २६.२च्या जवळ आहे आणि वीस पावलांचा ७२च्या जवळ. कोऱ्या जाळीवरही तेच आकडे आहेत. जाळी अर्धी खोडली तरी आकडासुद्धा तोच कसा?"

मी म्हणालो, "युनिव्हर्सॅलिटी." आणि पुढची पारदर्शिका लावली. तिने आणखी काही विचारायला तोंड उघडलं होतं. मी तिच्याकडे न बघता बोलत राहिलो आणि ती खाली बसली.

युनिव्हर्सॅलिटीचा अर्थ मला चांगला ठाऊक होता. घातांक सारखा राहू शकतो. त्याच्या आगेमागे असलेले गुणक जाळीगणिक बदलतात आणि बदलायलाच हवेत. तिचा प्रश्न नेमका तोच होता, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. खोलीतल्या बऱ्याच जणांना तो शब्द भारी वाटतो हे मला माहीत होतं, म्हणून मी तो पुढे केला.

माझ्या मार्गदर्शक सरांनी सेमिनारमध्ये काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं आणि खडू माझ्या हातात दिला. "अरे, ते वीस पावलांचं राहू दे. दोन पावलांचं करून दाखव."

दोन पावलांच्या वाटा १२. त्यातल्या चार सरळ जातात, त्यांच्या टोकाच्या अंतराचा वर्ग ४. आठ वळतात, त्यांचा वर्ग २. बेरीज १६ अधिक १६, म्हणजे ३२, भागिले १२, उत्तर २.६७. आता खोडाखोड. एखादी वाट जाळीवर शिल्लक राहायची तर तिचे पुढचे दोन्ही बिंदू मोकळे हवेत, त्याची शक्यता सत्तर टक्क्यांचा वर्ग. सरळ वाट असो की वळलेली, शक्यता तीच. म्हणजे सगळ्या जाळ्या एकत्र केल्या तर वर ३२ गुणिले ती शक्यता आणि खाली १२ गुणिले तीच शक्यता. मी वरची शक्यता खोडली, खालची खोडली आणि खडू हातात धरून तसाच उभा राहिलो. उरलं २.६७. वीस पावलांना सत्तर टक्क्यांचा विसावा घात येईल, पण तोही वर आणि खाली सारखाच येणार आणि उडून जाणार.

आठ महिने त्या दोन मशीनवर मी जे मोजत होतो ते कोऱ्या वहीचंच उत्तर होतं. ते यायलाच हवं होतं. कितीही खोडा, उत्तर बदलणारच नाही, कारण माझ्या हिशेबाने खोडाखोडच हिशेबातून काढून टाकली होती.

सर म्हणाले, "आता हेच एकेका जाळीचं वेगळं कर." मी फळ्यावर दोन जाळ्या काढल्या. एकीवर फक्त एक सरळ वाट शिल्लक. तिची सरासरी ४. दुसरी पूर्ण मोकळी, तिची २.६७. दोघींची सरासरी ३.३३. माझ्या पद्धतीने मात्र दोन्हींच्या मिळून तेरा वाटा, बेरीज ३६, उत्तर २.७७. गरीब जाळीचा आवाज तेरांतला एक आणि श्रीमंत जाळीचा बारा. हाउसिंग सोसायटीच्या सभेत प्रत्येक सभासदाला एक मत असतं. मी चौरस फुटांवर मतं वाटली होती.

मग त्यांनी माझ्याच छापील कागदाच्या पाठीवर एक हिशेब केला, तो कागद मी अजून जपून ठेवलाय. समजा प्रत्येक पावलाला एक नाणं उडवायचं. छापा पडला तर हातातली रक्कम दुप्पट, काटा पडला तर निम्मी. शंभर पावलांनंतर नेहमीच्या माणसाच्या हातात काय? जेवढे छापे साधारण तेवढेच काटे, म्हणजे जिथे होता तिथेच, एक रुपया. सरासरी किती? दर पावलाला सव्वापट, म्हणजे सव्वाचा शंभरावा घात, सुमारे ४९० कोटी. एकाच खेळाचं एक उत्तर एक रुपया आणि दुसरं ४९० कोटी. क्वचित कुणाला ओळीने छापे पडत गेले की त्याच्यामुळे सरासरी तिथे जाते. वाटांची संख्याही अशीच गुणाकाराने वाढते. वीस पावलं आणि सत्तर टक्के मोकळी जाळी घेतली तर सरासरी ७ लाख १६ हजारांच्या आसपास वाटा निघतात, पण निम्म्याहून बऱ्याच अधिक जाळ्या त्या आकड्याच्या खालीच असतात.

यात नवीन काही नव्हतं. रॉबर्ट ब्राउट यांनी १९५९मध्येच हा भेद मांडला होता: अडथळे जागच्या जागी गोठलेले असतील तर आधी प्रत्येक नमुन्याचं उत्तर काढायचं आणि मग सरासरी घ्यायची, अडथळे साखळीइतकेच हलत असतील तरच सगळं एकत्र कालवायचं. पहिल्याला क्वेन्च्ड म्हणतात, दुसऱ्याला अॅनील्ड. शब्द भट्टीतले आहेत. आमच्या गावचा लोहार तापलेल्या विळ्याला पाणी पाजायचा. लाल लोखंड एकदम पाण्यात जातं आणि आतली घडण आहे तशी अडकते. तेच लोखंड राखेत हळूहळू निवू दिलं तर आतले कण आपापली सोयीची जागा शोधतात. परीक्षेत हा फरक मी दोनदा लिहून गुण मिळवले होते. पण माझा प्रोग्रॅम यातलं काय करतो हे मी त्याला कधी विचारलंच नव्हतं.

फळ्यावरचं कळलं तरी माझ्या अंगात ते मुरलं नव्हतं. ते मुरलं जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत. तिथे एक मैत्रीण होती, तिच्याकडे जाऊन बसलो. ती ॲगॅरोजची पांढरी पूड बफरमध्ये उकळत होती. द्रावण पाण्यासारखं स्वच्छ झालं, तिने ते ट्रेमध्ये ओतलं, एका कडेला कंगवा उभा केला. अर्ध्या तासात त्याचं दुधट, थरथरणारं जेल झालं. कंगवा अलगद उपसल्यावर खाचा राहिल्या, त्यात तिने निळ्या रंगात मिसळलेला डीएनए पिपेटने सोडला. लॅम्डा विषाणूचा डीएनए ४८,५०२ जोड्यांचा. सरळ ताणला तर १६ मायक्रोमीटर भरतो, आणि जेलची भोकं त्याच्या कितीतरी पट लहान. मी विचारलं, "यातली भोकं आता हलत नाहीत?" ती म्हणाली, "गोठलं की गोठलं. उद्याच्या जेलची भोकं वेगळी असतील, पण या जेलची हीच." खरं तर विजेच्या ओढीखाली पळणारा डीएनए हा माझ्या प्रश्नापेक्षा वेगळा प्रश्न आहे. पण त्या ट्रेकडे बघताना माझी प्रत्येक जाळी मला पहिल्यांदा वस्तू म्हणून दिसली. माझ्या हिशेबात भोकं साखळीच्या सोयीने सरकत होती.

भागाकार लूपच्या आत परत गेला. मधला बिंदू बेटावर पडला अशा जाळ्यांची मोजणी वेगळी ठेवली आणि वीस पावलांची वाट निघते त्याच जाळ्या सरासरीत घेतल्या आहेत, ही अट प्रबंधात स्पष्ट लिहिली. आकडे हलायला लागले. विरळ जाळीवर साखळी कोऱ्या वहीपेक्षा वेगळी वागत होती. पण घातांक सांगायला वीस पावलं पुरत नाहीत, आणि त्या मशीनवर जास्त पावलं झेपत नव्हती. म्हणून प्रबंधात मी तेवढंच लिहिलं. भांडण माझ्याकडून मिटलं नाही. पुढे इतरांनी कितीतरी लांब साखळ्या चालवल्या तेव्हा उंबरठ्यावर घातांक ०.७८च्या आसपास निघाला, पाऊणपेक्षा थोडा पण नक्की मोठा. माझ्या गोषवाऱ्यात तिथेही पाऊण लिहिला होता. तो मागे घेण्याचं पत्र टाइप करायला मला चार दिवस लागले. दोन ओळींचं पत्र.

त्या विद्यार्थिनीला सांगायला तीन आठवडे लावले. रोज ठरवायचो आणि कॉरिडॉरमध्ये ती दिसली की पुस्तकात डोकं घालायचो. शेवटी लायब्ररीत गाठून म्हणालो, "तुझा प्रश्न बरोबर होता. माझं उत्तर चुकीचं होतं, आणि ते चुकीचं आहे हे मला तेव्हाच जाणवलं होतं." ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मला वाटलं, मलाच युनिव्हर्सॅलिटी कळली नाही. मी त्यानंतर महिनाभर तेच वाचत होते." पुढच्या सेमिनारमध्ये मी सगळ्यांसमोर चूक सांगितली आणि ती कुणी पकडली हेही सांगितलं. तरी त्या वर्षभरात तिने पुन्हा सेमिनारमध्ये हात वर केल्याचं मला आठवत नाही.

राहिल्या त्या लाल रेघेच्या तीन जाळ्या. चूक उमगल्यावर मी मागचे शोधनिबंध नव्याने वाचायला घेतले आणि १९८८चा मायकेल केट्स व रॉबिन बॉल यांचा निबंध हाती आला. साखळी एकाच जागी बांधलेली नसेल, तिला सगळं माध्यम धुंडाळायला मोकळीक आणि वेळ असेल, तर ती आपणहून दुर्मीळ प्रशस्त जागा शोधते आणि तिथेच ठाण मांडते. अशा साखळीपुरता गोठलेल्या आणि हलत्या अडथळ्यांतला फरकच मिटतो. त्याआधी १९८७मध्ये बाउमगार्टनर आणि मुथुकुमार यांना संगणकावर अडथळ्यांतली साखळी आक्रसून बसलेली दिसली होती. मी निबंध बाजूला ठेवून छापील कागद काढला. ज्या जाळ्यांवर शेकडो पट वाटा होत्या त्या याच प्रशस्त जागा. रँडम नंबरचं रूटीन ठणठणीत होतं. माझ्या सगळ्या कामात भौतिकशास्त्राचा जो एक खरा अंश हाती लागला होता, तोच मी बिघाड म्हणून वगळला होता.

त्या तीन जाळ्या पुन्हा बघायच्या होत्या. नाही बघता आल्या. जाळी ज्या आकड्यापासून तयार होते तो सीड मी मशीनच्या घड्याळातून घेत होतो आणि कुठेच लिहून ठेवत नव्हतो. छापील कागदावर प्रत्येक जाळीचा क्रमांक आहे, वाटांची संख्या आहे, अंतराची सरासरी आहे, जाळी नाही.

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी तोच हिशेब लॅपटॉपवर नव्याने लिहिला. तेव्हा रात्रभर लागायचा तेवढा हिशेब चहा गार व्हायच्या आत झाला. सगळ्यात जास्त वाटांची जाळी मी छापून घेतली आणि चौकटीच्या वहीत हाताने उतरवली, खोडलेल्या प्रत्येक बिंदूवर फुली मारत. कडेकडेने फुल्यांची दाट झाडी, मधेमधे अरुंद बोळ, आणि मधल्या बिंदूभोवती प्रशस्त अंगण, त्यात एकही फुली नाही. वीस पावलांची साखळी तिथे आरामात मावते. बोळात शिरायची तिला गरजही पडत नाही. अशा जाळ्या आता मी वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो, सीडसकट. त्यात त्या तीन नाहीत.